अर्विंगमध्ये बे एके बे

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले आणि कोणी उभंच राहिलं नाही.

नागपूरला सव्वीस वर्षं गणित शिकवलं. आपला पाय उंबऱ्याच्या आत पडायचा अवकाश, पन्नास-पंचावन्न पोरं धडाधड उभी राहायची, ‘नमस्तेऽ बाई’ असा सूर छतापर्यंत लांबवायची, आणि मी ‘बसा’ म्हटल्याशिवाय कोणाची टाप नव्हती खाली टेकायची. आणि इथे टेक्सासमध्ये, अर्विंगच्या एका सरकारी शाळेत, सातवीच्या पोरांपुढे मी लॅपटॉप छातीशी धरून उभी. मी त्यांच्या उभं राहण्याची वाट बघतेय, ती माझ्या बोलण्याची वाट बघताहेत. अर्धं मिनिट झालं. शेवटी पुढच्या बाकावरचा मातेओ नावाचा गोबऱ्या गालांचा पोरगा काळजीने म्हणाला, “मिस, यू ओके?”

मी ओके नव्हते. पण म्हटलं, येस येस, सिट डाउन. बसलेल्यांना.

मी इथे कशी आले ते दोन ओळींत सांगते, कारण आपल्या मंडळात अजूनही लोक मला विचारतात की मी कोणत्या कंपनीत टेस्टिंग करते. आमच्या शाळेत मुख्याध्यापकपदावर माझा हक्क होता, ते दुसरीकडे गेलं. मी तापट बाई. त्याच रागात परदेशी शिक्षक बोलावणाऱ्या एका योजनेचा फॉर्म भरला, आणि बाप्पा, निवड झाली की! तीन वर्षांचा व्हिसा, पण शाळेचा करार दर वर्षी नवा. शाळेने पुढच्या वर्षी नको म्हटलं की बॅगा भरायच्या. आमचे मुकुंदराव सहकारी बँकेत होते. त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि माझ्या व्हिसाला लटकून आले. इथे सगळीकडे नवरा आयटीत आणि बायको डिपेंडंट, आमचं उलटं. पहिल्याच गणपतीत पुण्याच्या एका तरुणाने विचारलं, “काका, तुम्ही कुठे आहात?” मुकुंदराव छाती काढून म्हणाले, “मी डिपेंडंट आहे. पोहे बरे करतो.”

आता इथल्या शाळेबद्दल थोडं. इथे वर्ग पोरांचा नसतो, बाईंचा असतो. घंटा झाली की पोरं या खोलीतून त्या खोलीत वाहत जातात, आणि आपण आपल्या दारात उभं राहून एकेकाला आत घ्यायचं. प्रत्येकाशी काहीतरी सलामी. कोणी मुठीला मूठ लावतं, कोणी कोपराला कोपर, एका मुलीची सलामी अकरा हालचालींची होती, ती मी घरी आरशासमोर उभी राहून पाठ केली. मुकुंदरावांना वाटलं बाईला झटका आला.

शाळा सुरू व्हायच्या आधी आठवडाभर आम्हाला शिकवतात. पोरांना समोरून मिठी मारायची नाही, आलीच अंगावर तर बाजूने. कान धरायचा नाही, हे मला वेगळं बोलावून सांगितलं, का कोण जाणे. लाल शाई नको, तिने पोरांच्या मनाला लागतं. आणि ‘चूक’ म्हणायचं नाही. मी हात वर करून विचारलं, सात आठे चोपन्न म्हणाला तर काय म्हणायचं? तर म्हणे, ‘इंटरेस्टिंग’ म्हणा. पहिल्या महिन्यात माझ्या वर्गात इतकं इंटरेस्टिंग घडलं की माझं डोकं उठलं.

कारण पोरांना पाढेच येत नव्हते. समीकरणं मांडायची ती छान, आलेख तर इतके देखणे की मी दोन-तीन फोटो काढून नागपूरच्या मैत्रिणींना पाठवले. पण सात गुणिले आठ आलं की सगळे हात कॅल्क्युलेटरकडे. मातेओ तर सात-सात गोळ्यांचे आठ ढीग काढायचा आणि जीभ बाहेर काढून मोजायचा. एक दिवस त्याचे पंचावन्न आले, आणि माझा तोल गेला. मी फळ्यापुढे उभी राहून सातापासून तीसपर्यंतचे पाढे मराठीत, एका दमात, हात आपटत म्हणून टाकले. सात एके सात, सात दुणे चौदा, सुरू झाले ते तीस दाहे तीनशेला थांबले. घसा कोरडा पडला. मला वाटलं झालं, आता हे घरी सांगणार आणि उद्या माझी बोळवण.

मातेओ म्हणाला, “मिस, इज दॅट रॅप?”

“हो,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“वी वॉन्ट इट.”

तिथून धमाल सुरू झाली. रोज तासाची पहिली पाच मिनिटं पाढे. त्यासाठी पोरं उभी राहायला लागली, कारण बसून ठेका धरता येत नाही. हेच मला पहिल्या दिवशी हवं होतं, ते असं मागच्या दाराने मिळालं. मी भिंतीवर मोठा तक्ता लावला, मराठी आकड्यांचे उच्चार त्यांच्या लिपीत आणि समोर संख्या. इंग्रजीतून म्हणवून पाहिलं होतं, पण ‘सेव्हन टाइम्स एट इक्वल्स फिफ्टी सिक्स’मध्ये जीव नाही, तोंड दमतं. आपलं ‘सात आठे छप्पन्न’ कसं एका उडीत पार होतं. शिवाय तेरा वर्षांच्या पोरांना जे शेजारच्या वर्गाला येत नाही ते सगळं प्रिय. कोणाचे आईवडील मेक्सिकोचे, कोणाचे नेपाळचे, कोणी इथलेच पिढ्यान्‌पिढ्यांचे, आणि सगळे मिळून बाकं बडवत ‘नऊ सक चोपन्न’. एकोणपन्नासपाशी सगळ्यांची गाडी अडायची, एक्याऐंशी-चौऱ्याऐंशीला पोरं हसून लोळायची. छप्पन्न मात्र असा ठणकावून म्हणायची की शेजारच्या खोलीतले कोच हॉल दार वाजवायचे. इथे इतिहासाचा मास्तर बहुधा फुटबॉलचा कोच असतो. हे सहा फुटी, स्वतः मैदानावर आभाळ फाटेल असे ओरडणारे गृहस्थ मला म्हणाले, “मॅम, कॅन वी कीप इट डाउन?”

या सगळ्यात एक मुलगी तोंड उघडत नव्हती. डेस्टिनी. उंच, शेवटच्या बाकावर, डोक्यावरची हूडी कायम नाकापर्यंत ओढलेली. आई विमानतळावर कामाला, शिफ्टवर. ही पोरगी राज्याच्या गणिताच्या परीक्षेत सलग दोन वर्षं नापास झालेली. नापास झालं की वरच्या वर्गात ढकलतात, पण पुढच्या वर्षी गणिताचे दोन तास घ्यावे लागतात, आणि तो दुसरा तास कुठून काढायचा? तर पोराच्या आवडीच्या विषयातून. डेस्टिनीचा आवडीचा विषय होता बँड. तिला ट्रॉम्बोन वाजवायचा होता, आपल्याकडे लग्नाच्या बँडमध्ये ते लांब पितळी वाद्य पुढे-मागे सरकवतात ना, ते. दोन वर्षं ती बँडच्या खोलीवरून गणिताच्या वर्गात जायची आणि तिथून गणिताच्याच जोडतासाला, यंदा दोन्ही माझ्याकडे. दोन वर्षं दारातून आत बघत जायची. हे मला तिने नाही, बँडच्या मास्तरांनी सांगितलं.

मग एका दुपारी मी कॉरिडॉरच्या वळणावर होते आणि लॉकरमागून आवाज आला. नवाचा पाढा, एकटीचा, सुसाट. मी तशीच पाऊल न वाजवता मागे फिरले. आठवडाभराने मातेओने वर्गाला आव्हान दिलं की त्याला हरवून दाखवा, तेव्हा शेवटच्या बाकावरून ती उठली, हूडी मागे टाकली आणि बाराचा पाढा म्हणून त्याला चीत केलं. मातेओ बिचारा टाळ्या वाजवत होता. मी बाजूने मिठी मारली, नियमाप्रमाणे.

परीक्षा वसंतात. सातवीला कॅल्क्युलेटर चालत नाही, आणि इथेच माझी पोरं वरचढ होती. आदल्या दिवशी मी सांगितलं, “अडलात तर घाबरायचं नाही. श्वास घ्या आणि पाढा म्हणा.”

एक शब्द राहिला. ‘मनात’ म्हणायचं राहिलं. नागपूरला तो कधी म्हणावाच लागला नव्हता. परीक्षेत तोंड हललं की पर्यवेक्षक टेबलावर डस्टर आपटायचे, पोरांना जन्मापासून माहीत. माझ्या या पोरांनी पाढा मनात कधी म्हटलाच नव्हता. त्यांना पाढा म्हणजे तोंडाने.

परीक्षेचा इथला सोहळा सांगितला पाहिजे. भिंतीवर शिकवणारं काही दिसता कामा नये, म्हणून सगळे तक्ते खाकी कागदाने झाकतात. फोन बंद, दारावर पाट्या, पर्यवेक्षकाने चार तास बसायचं नाही, वाचायचं नाही, नुसतं फिरायचं. आणि आपल्या विषयाला आपल्या वर्गावर आपण नाही. माझ्या वर्गावर होते कोच हॉल. आम्ही भिंती अगदी चोख झाकल्या होत्या. पोरांची डोकी तेवढी झाकायची राहिली.

साधारण तासाभराने, कोचनी नंतर सांगितलं, कुठूनसा गुणगुणाट सुरू झाला. आधी वाटलं एसी. मग दिसलं, मातेओचे ओठ हलताहेत. मग त्याच्या मागचीचे. मग पूर्ण रांग, डोळे स्क्रीनवर, बोटं बाकावर, आणि तोंडात काहीतरी अगम्य. ते शुक् शुक् करत या टोकाला गेले की त्या टोकाला सुरू. माणूस सरळ. त्यांनी नियमाप्रमाणे रिपोर्ट लिहिला: विद्यार्थी परीक्षेदरम्यान अनोळखी भाषेत एकमेकांना संकेत देत होते.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका व्हिटफील्डबाईंच्या खोलीत मला बोलावलं. शेजारी वरून आलेल्या परीक्षा विभागाच्या बाई, टॅबलेट घेऊन. आवाज मऊ, पण प्रश्न सरळ. संकेत ठरले तर पूर्ण वर्गाचे पेपर रद्द. रद्द म्हणजे नापास. मला डोळ्यांपुढे ट्रॉम्बोन दिसला. आणि खोटं कशाला बोलू, त्याच्या आधी आमच्या बॅगा दिसल्या.

“परीक्षेत बोलायला तुम्ही मुलांना सांगितलं होतं का?”

मी म्हटलं, “नो.”

मोठ्याने म्हणा असं मी कुठे म्हटलं होतं? अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि त्या एका न उच्चारलेल्या शब्दाच्या आड जाऊन उभी राहिले. सव्वीस वर्षं पोरांना ‘खरं सांग’ म्हणून दटावणारी बाई मी.

पोरं काय बोलत होती ते तपासायला मराठी जाणणारं कोणीतरी हवं होतं, आणि ते मी नको होते. म्हणून फोनवरची दुभाषी बोलावली. इथे तशी सोय असते. कुठल्या तरी गावी बसलेली व्यक्ती फोनवर येते, नाव सांगत नाही, आणि ऐकू येईल ते सगळं या भाषेतून त्या भाषेत करते. स्वतःचं काही बोलायची तिला परवानगी नसते. टेबलावरच्या स्पीकरमधून एक प्रौढ बाई अगदी कोरड्या आवाजात म्हणाली की ती मराठीची दुभाषी आहे आणि तयार आहे.

पहिलं नाव डेस्टिनीचं निघालं. ती आली, खुर्चीत बसली, हूडी वर. काल काय म्हणत होतीस ते म्हण, असं तिला सांगितलं.

“सात एके सात,” डेस्टिनी म्हणाली.

“सेव्हन वन्स आर सेव्हन,” स्पीकर म्हणाला.

“सात दुणे चौदा.”

“सेव्हन टूज आर फोर्टीन.”

असं चाललं. पोरीने पुढे वेग घेतला, आणि स्पीकरही वेग घेऊ लागला. परीक्षा विभागाच्या बाई टाइप करता करता थांबल्या. व्हिटफील्डबाईंचा पाय टेबलाखाली ठेका धरून होता, मी पाहिला. सात दाहे सत्तरला दोघी एकदमच पोचल्या. मग स्पीकरमधून काहीच येईना.

“हॅलो?” परीक्षा विभागाच्या बाई म्हणाल्या.

“दुभाषीला एक मिनिट हवं आहे,” स्पीकर इंग्रजीत म्हणाला. नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग त्याच कोरड्या आवाजात, “दुभाषी नोंदवू इच्छिते की हा पाढा आहे. आणि बरोबर आहे.”

म्हणजे संकेत नव्हते. मी श्वास सोडणार, एवढ्यात पुढचा प्रश्न आला. संकेत नसतील, पण परीक्षेत बोलायची बंदी मोडली ती मोडलीच. कोणी सांगितलं होतं? शिक्षिकेने सांगितलं असेल तर दोष तिचा. मुलांनी आपणहून केलं असेल तर ज्यांनी केलं त्यांचे पेपर रद्द.

डेस्टिनीने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी आधीच ‘नो’ म्हणून बसले आहे हे त्या पोरीला कोणी सांगितलं नव्हतं, पण माझ्या तोंडावर लिहिलेलं असणार.

“कोणी नाही,” ती म्हणाली. “मी सुरू केलं. बाकीच्यांनी माझं ऐकून केलं.”

ती शेवटच्या बाकावर बसते. सुरुवात पहिल्या रांगेतून झाली होती, कोचच्या रिपोर्टात स्पष्ट होतं. आणि आपण काय घालवतोय हे तिच्याइतकं त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. जिच्यासाठी मी तोंड उघडायला हवं होतं, ती माझ्यासाठी खोटं बोलत होती.

मी इंग्रजीत म्हटलं, “ती खोटं बोलते आहे. आणि मीसुद्धा. मीच सांगितलं होतं.”

आता गंमत अशी की स्पीकरवरच्या बाईंना तोवर कोणी थांबा म्हटलं नव्हतं. त्यांचं काम ऐकलं ते उलटं करायचं. त्या मराठीत म्हणाल्या, “ती खोटं बोलते आहे. आणि मीसुद्धा. मीच सांगितलं होतं.”

इंग्रजीत ते तोंडातून पटकन गेलं होतं. मराठीत ऐकलं आणि कानशिलं तापली. माझं खोटं माझ्याच भाषेत, एका परक्या बाईच्या शांत आवाजात. आणि त्याच वेळी मला हसूही फुटलं, आवरेना. डेस्टिनी हसायला लागली, मग व्हिटफील्डबाई. परीक्षा विभागाच्या बाईंनी तेवढा धीर धरला.

फोन ठेवायच्या आधी स्पीकर हळूच मराठीत म्हणाला, “बाई, नागपूरच्या का हो?”

“हो, धरमपेठ.”

“मी वर्ध्याची.” आणि लाइन कट.

“काय म्हणाल्या त्या?” परीक्षा विभागाच्या बाईंनी संशयाने विचारलं.

“पत्ता विचारला,” मी म्हटलं.

मग तीन आठवडे कसे गेले ते मुकुंदरावांना विचारा. त्यांनी तीनदा पोह्यांत मीठच टाकलं नाही, आणि मी तीनदा मुकाट खाल्ले. निकाल आधी आला. पेपर ग्राह्य धरले होते. माझ्या सव्वीसपैकी एकवीस पास, मातेओ पास, आणि डेस्टिनी पास, अगदी काठावर, पण अलीकडच्या नाही, पलीकडच्या. ती कॉरिडॉरमधून आली ती हातात तिच्याहून जड पेटी ओढत, बँडच्या मास्तरांनी सुट्टीत सराव करायला दिलेली. बाजूने-बिजूने काही नाही, समोरून सरळ मिठी मारली तिने. मी नियम मोडला नाही, तिने मोडला.

माझं पाकीट दोन दिवसांनी मिळालं. करार वाढवला होता. त्याबरोबर एक ताकीदपत्र, कायमचं माझ्या फाइलला लागणारं. आयुष्यात पहिलं. नागपूरला हेडमास्तरांशी भांडूनसुद्धा कधी मिळालं नव्हतं. त्यात छापलं होतं की सदर शिक्षिकेने विद्यार्थ्यांना अडचणीच्या वेळी पाढे म्हणण्याच्या सूचना दिल्या व विद्यार्थ्यांनी त्यांचे सामूहिक पालन केले. मी ते वाक्य मुकुंदरावांना चार वेळा वाचून दाखवलं.

खाली सहीची जागा, आणि तिच्यावर एक चौकट: कर्मचाऱ्याला आपल्या बाजूने काही म्हणायचं असल्यास.

मुकुंदराव बँकेतले, जपून चालणारे. म्हणाले, “लिही की गैरसमज झाला. पुन्हा होणार नाही. संपवून टाक.”

मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. मग इंग्रजीत, माझ्या सुवाच्य अक्षरात, लाल शाई नको म्हणून निळ्या शाईने लिहिलं:

‘मी सांगितलं आणि सगळ्या वर्गाने ऐकलं. सत्तावीस वर्षांत हे पहिल्यांदा घडलं.’

आणि खाली सही केली.